ताण आधी शेजारच्याला दिसतो

वाशीम जिल्ह्यातल्या ताणाला स्वतःचं पंचांग आहे. ते मार्चअखेरीस सुरू होतं. सोसायटीचं पीककर्ज मुदतीत भरलं तरच व्याजाची सवलत मिळते आणि पुढच्या खरिपासाठी नवं कर्ज उभं राहतं. म्हणून कुणाकडून तरी पंधरा दिवसांच्या बोलीवर पैसे उचलायचे, खात्यात भरायचे आणि नवं कर्ज हातात आलं की उसने फेडायचे. याला सगळे ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. त्या दिवसांत घरातला कर्ता माणूस जेवतो, बोलतो, लग्नाच्या पंगतीला हजेरी लावतो. जीव मात्र साहेबाच्या सहीत अडकलेला असतो. मग जून येतो. बियाणं, खत, पोरांची पुस्तकं, प्रवेश, सगळं एकाच आठवड्यात. पेरणी साधली तर जुलैतली उघाड. ती निभावली तर ऑगस्टमध्ये सोयाबीनचं पान पिवळं पडतंय का, याकडे डोळे. 2023 साली पिवळ्या मोझॅक रोगाने विदर्भ-मराठवाड्यातली भरात आलेली शेतं बघता बघता पिवळी केली, ते कुणी विसरलेलं नाही. सोंगणीला परतीचा पाऊस, सुडी झाकायला ताडपत्री, दिवाळीला बाजार समितीतला भाव. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर पाळीची वीज रात्री येते, आणि पीक घाट्यांवर आलं की रोही आणि रानडुकरांपायी जागल.

हे पंचांग एकट्या शेतकऱ्याचं नाही. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके आहेत, आणि सहाही तालुक्यांत कापड दुकानदाराची दिवाळी, ऑटोवाल्याचे हप्ते, कृषी केंद्राची उधारी आणि खासगी शिकवणीची फी सोयाबीनच्या पोत्याशी बांधलेली आहे. मानोऱ्याकडच्या तांड्यांतून हंगामापुरती माणसं बाहेर कामाला जातात, तेव्हा मागे राहिलेली आजी आणि नातवंडं वेगळ्याच काळजीत दिवस काढतात. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोराला वय निघून चालल्याची धास्ती असते. गावातली आशाताई सगळ्यांच्या घरचं ऐकते. तिच्या घरचं ऐकायला कुणी येत नाही.

हे पुस्तक अशा रोजच्या ताणाबद्दल आहे. मोठ्या मानसिक आजारांचा तो ग्रंथ नाही आणि आत्महत्यांचा अहवालही नाही. वऱ्हाडाबद्दल लिहायला बसलं की लेखणी थेट शेवटाकडे धाव घेते, माणूस गेल्यावरच्या पंचनाम्याकडे. त्याच्या आधीचे सहा महिने, दोन वर्षं, दहा वर्षं कुणी लिहीत नाही. ताण ओळखता येतो आणि हलका करता येतो तो त्याच काळात, म्हणून पुस्तकाने तो काळ निवडला आहे.

विषय नव्याने वाचणाऱ्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. शरीर धोक्याला कसं तोंड देतं, याची पहिली नीट मांडणी अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 साली केली. समोर संकट दिसलं की काळीज जोरात धडधडतं, श्वास वाढतो, पचन थांबतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. शरीर लढायला नाहीतर पळायला सज्ज होतं. रात्री बांधावर अचानक रानडूक समोर आलं तर हीच सज्जता जीव वाचवते. संकट टळलं की घटकाभरात सगळं पूर्ववत होतं. पण उसनवारीच्या पैशांच्या अंगावर धावूनही जाता येत नाही आणि त्यापासून पळूनही जाता येत नाही. शरीर सज्ज होतं आणि तसंच राहतं.

त्या ‘तसंच राहण्या’चा अभ्यास हान्स सेल्ये यांनी केला. 1936 साली कॅनडातल्या मॉन्ट्रिअलमधून त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटं टिपण पाठवलं. थंडी, जखम, विषारी द्रव्य, अतिश्रम यांपैकी काहीही वाट्याला आलं तरी उंदरांच्या शरीरात बदल मात्र ठरावीकच होतात, असं त्यांना दिसलं होतं. पुढे त्यांनी तीन टप्पे सांगितले: आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं, शेवटी थकून कोसळणं. मधला टप्पा सगळ्यांत फसवा. त्यात माणूस बाहेरून ठणठणीत दिसतो, कामंही उरकतो. घरचे म्हणतात, त्याला काही होत नाही, तो घट्ट आहे. या पुस्तकात ज्या माणसांचे अनुभव आहेत त्यांतली बहुतेक याच टप्प्यावर होती.

सेल्ये यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या कामाला तंबाखू उद्योगाचा पैसा मिळत होता, हे पुढे त्या उद्योगाच्याच कागदपत्रांतून बाहेर आलं. हृदयविकाराचं खापर सिगारेटऐवजी ताणावर फुटलं तर कंपन्यांना ते हवंच होतं. आपल्याकडे ‘खर्रा तोंडात टाकला की टेन्शन जातं’ असं शपथेवर सांगणारी माणसं पानटपरीवर भेटतात. त्यांना जो आराम वाटतो तो बराचसा निकोटीनची तल्लफ भागल्याचा असतो. आधीच्या खर्ऱ्याने लावलेली ओढ नंतरचा खर्रा शमवतो. मूळ काळजी जागच्या जागी असते, वर खिशाला आणि जबड्याला नवी लागते. दारूचं गणितही फार वेगळं नाही, फक्त तिथे झोपेचाही घात होतो. पुण्यात 1986 साली अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनामागचा माणूस बघायला महाराष्ट्राला शिकवलं. त्या शिकवणीचं ऋण या पुस्तकावर आहे.

शरीराकडून अभ्यास आयुष्यातल्या घटनांकडे वळला. 1967 साली होम्स आणि राही यांनी 43 घटनांची यादी करून प्रत्येकीला गुण दिले: जोडीदाराचा मृत्यू 100, लग्न 50. आनंदाची घटनाही माणसाला दमवते, हे त्या यादीने दाखवलं आणि ते लग्नघरात वावरलेल्या कुणालाही पटेल. पण दुबार पेरणी त्या यादीत नाही, मुलीची मोडलेली सोयरीक नाही, बैलजोडी विकावी लागणं नाही. शिवाय मोठे घाव मोजले म्हणजे ताण मोजला असं होत नाही. रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये दाखवलं की रोजच्या बारीकसारीक कटकटींची बेरीज माणसाच्या तब्येतीबद्दल मोठ्या घटनांपेक्षा जास्त सांगते. 1984 साली लाझारस आणि सुझन फोकमन यांनी पुढचा मुद्दा मांडला. ताण नुसत्या घटनेत नसतो. घटना किती मोठी आणि माझ्या हातात काय आहे, या दोहोंचा हिशोब माणूस मनात करतो आणि त्या हिशोबातून ताण उभा राहतो. सोडवता येतं ते सोडवणं आणि सोडवता येत नाही त्याने होणारी तगमग सांभाळणं, ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही लागतात. पुस्तकाची उभारणी या भेदावर आहे.

हाताबाहेरचं असणं शरीराला किती महाग पडतं, ते लंडनच्या सरकारी नोकरांच्या प्रदीर्घ अभ्यासातून मायकल मार्मट यांनी दाखवलं. वरच्या साहेबांपेक्षा खालच्या पदांवरच्या माणसांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि त्यामागे आपल्या कामावर आपला ताबा नसणं हे एक मोठं कारण निघालं. 2016 साली लंडनमधल्याच संशोधकांनी एक प्रयोग केला. विजेचा हलका झटका नक्की बसणार असं माहीत असलेल्यांपेक्षा, बसेल किंवा बसणार नाही अशा अधांतरी स्थितीतल्यांना ताण जास्त आला. आता सोयाबीनकडे बघा. 2021-22 चा हमीभाव क्विंटलला 3,950 रुपये होता, आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये काही बाजारांत भाव 10,000 च्या पार गेला. 2024-25 चा हमीभाव 4,892 होता आणि माल बाजारात आल्यावर भाव महिनोन्‌महिने त्याच्याही खाली राहिला. विकावं की ठेवावं? ठेवलं तर हप्ता कशातून? वाईट भाव माणूस एकदा सोसतो. उद्या काय होईल हे कळत नसताना पोत्यांच्या थप्पीशेजारी झोपणं त्याला रोज सोसावं लागतं.

या सगळ्या संशोधनात आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा अभ्यास तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा. आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2013 मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. तोच शेतकरी, पण ऊस तुटण्याआधी हात तंग असताना एकदा तपासला आणि पैसे हातात आल्यावर पुन्हा एकदा. तंगीच्या दिवसांत त्याच माणसाची विचार करण्याची, लक्ष ठेवण्याची, घाईचं उत्तर आवरून नीट उत्तर देण्याची क्षमता कमी भरली. अक्कल तीच होती, ती काळजीत गुंतून पडली होती.

याचा अर्थ आम्ही असा घेतो: ज्या बुद्धीने ताण ओळखायचा, तीच ताणाने आधी अडवून ठेवलेली असते. म्हणून ताण ओळखायची जबाबदारी ताणात असलेल्या माणसावर टाकून चालणार नाही. ‘तुला त्रास होत होता तर बोलला का नाहीस’ हा प्रश्न नंतर सगळे विचारतात. तो बोलू शकत नव्हता, कारण आपल्याला काही झालंय हेच त्याला उमगलं नव्हतं. त्याच्या बायकोला उमगलं होतं, शेजारच्या बांधावरच्या माणसाला उमगलं होतं. पण उमगलेल्याचं पुढे काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तक त्यांच्यासाठी लिहिलं आहे.

त्यांना काय दिसतं? रोज मारुतीच्या पारावर टेकणारा माणूस मागच्या गल्लीने घरी जायला लागतो. कृषी केंद्राच्या रस्त्याने जाणं टाळतो. फोन वाजला की उलटा करून ठेवतो. मजुरांचा हिशोब वर्षानुवर्षं वहीत लिहिणारा, आता वही कोनाड्यातून काढत नाही. शेवटची नोंद पोळ्याच्या आधीची. नातवाने पाणी सांडलं म्हणून हात उगारतो, मग स्वतःच दचकतो. रात्री अडीचला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. बाजेवर बसून राहतो, विचारलं तर म्हणतो मोटर बघायची होती. यांतली एखादी गोष्ट एखाद्या दिवशी कुणाच्याही घरी घडते. तीन-चार गोष्टी एकदम आल्या आणि दोन आठवडे मुक्कामाला राहिल्या, तर त्याकडे स्वभाव बदलला म्हणून बघू नये.

बायांचा ताण वेगळ्या दाराने येतो. तो दवाखान्यात येतो. कंबर दुखते, डोकं ठणकतं, हातापायांना मुंग्या येतात, अंगावरून पांढरं जातं, अशक्तपणा वाटतो. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात अंगावरून जाण्याच्या तक्रारीचा नैराश्य आणि चिंतेशी घट्ट संबंध दिसला; जंतुसंसर्ग त्यातल्या अनेकींच्या तक्रारीचं कारण नव्हता. सलाईन लावलं की दोन दिवस बरं वाटतं, कारण ते दोन दिवस कुणीतरी विचारपूस केलेली असते. शेतात निंदण, घरी चूल, म्हाताऱ्यांचं दुखणं आणि नवऱ्याची चिडचिड सांभाळणाऱ्या बाईला ‘आराम करा’ असा सल्ला देणारा डॉक्टर तिच्या दिवसाचा अंदाजही घेत नाही, असं आम्हाला वाटतं. तिच्या वाट्याचं एक काम घरातल्या दुसऱ्या कुणी उचलणं, हा उपचाराचाच भाग धरायला हवा.

ओळखण्याच्या बाजूबद्दल इतकं. सांभाळण्याच्या बाजूला महाराष्ट्रात स्वतःची मोठी परंपरा आहे आणि नवख्या वाचकाला तिचे निदान तीन प्रवाह माहीत असावेत.

पहिला प्रवाह शरीरातून मनाकडे जाणारा. लोणावळ्याला 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं आणि आसन-प्राणायामाचे परिणाम प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. इगतपुरीला 1976 पासून सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतली विपश्यना शिबिरं चालू आहेत. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन यांनी 1975 मध्ये विश्रामाच्या प्रतिसादावर पुस्तक लिहिलं आणि जॉन कबॅट-झिन यांनी 1979 मध्ये सजगतेवर आधारित कार्यक्रम रुग्णालयात आणला, तेव्हा पूर्वेकडची ही साधना डॉक्टरांच्या भाषेत बोलू लागली. दहा दिवस घर सोडून शिबिराला जाणं इथल्या फार थोड्यांना जमेल. पण सावकाश श्वास आणि त्याहून सावकाश उच्छ्वास, मिनिटाला साधारण सहाच्या लयीत पाच मिनिटं, हे बांधावर बसूनही जमतं, आणि काळजाची धडधड त्याने खाली येते.

दुसरा प्रवाह विचारांचा. अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकाच्या मध्यावर विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली: घटनेइतकाच, कित्येकदा घटनेहून जास्त, तिच्याबद्दलचा आपला हट्टी विचार आपल्याला छळतो. कि. मो. फडके यांनी ही पद्धत मराठी वाचकांपर्यंत पोचवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली ठाण्यात आय.पी.एच. ही संस्था सुरू केली आणि मनाच्या आरोग्याची चर्चा दवाखान्याबाहेर, शाळेत आणि सभागृहात आणली. ‘पोराला नंबर लागलाच पाहिजे, नाहीतर गावात तोंड दाखवता येणार नाही’ या वाक्यातलं ‘च’ आणि ‘नाहीतर’ सोडवायला हा प्रवाह शिकवतो, आणि परीक्षेला बसलेल्या मुलांच्या घरांत त्याचा फार उपयोग होतो. मात्र त्याची मर्यादा आम्ही ठणकावून सांगतो. पावसात सुडी भिजली, हा काही हट्टी विचार नव्हे. ते नुकसान आहे, आणि नुकसान झालेल्या माणसाला त्याचा विचार चुकतोय असं सांगणं क्रूरपणा आहे.

तिसरा प्रवाह चारचौघांत बसण्याचा, आणि तो अस्सल वऱ्हाडचा. अमरावती जिल्ह्यातच जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनात कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका असं सांगायचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभं केलं, ‘ग्रामगीता’ लिहिली आणि सामुदायिक प्रार्थनेची शिस्त गावोगाव रुजवली. संध्याकाळी ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एकत्र बसायचं म्हटलं की न आलेला माणूस लगेच लक्षात येतो. त्याहून मागे गेलं तर दुष्काळाने घर उद्ध्वस्त झालेल्या तुकोबांनी सावकारीची कागदपत्रं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. कर्ज आणि मनःशांती यांचा संबंध मराठी माणसाला नव्याने शिकवायची गरज नाही.

हा तिसरा प्रवाह आधुनिक शास्त्राला अलीकडे सापडला. झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी 2006 मध्ये दवाखान्याच्या आवारात बाकडी टाकली आणि त्यावर प्रशिक्षण दिलेल्या आज्या बसवल्या. आजी ऐकते, अडचणींतली एक निवडायला सांगते, तिच्यावर पुढचं एक पाऊल दोघं मिळून ठरवतात. 2016 मध्ये आलेल्या चाचणीत, नेहमीच्या उपचारापेक्षा या बाकड्यांवर बसलेल्या लोकांची लक्षणं बरीच कमी झालेली आढळली. आपल्या शेजारी, अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना ओळखायला, ऐकायला आणि गरज असेल तिथे डॉक्टरपर्यंत न्यायला शिकवलं. 2017 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त त्याचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचलेल्यांचं प्रमाण 4.3 टक्के होतं, ते प्रकल्पानंतर 27.2 टक्क्यांवर गेलं. पूर्ण यश याला म्हणता येणार नाही. चारांतले जवळजवळ तिघं तरीही बाहेर राहिले. तरी मानसोपचारतज्ज्ञ गावात राहायला येण्याची वाट न बघता काय करता येतं, ते या आकड्यांत दिसतं.

सरकारी बाजूही वाचकाने जाणून घ्यावी, कारण तिचा उपयोग करून घ्यावा लागतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा, जिल्हा कार्यक्रम 1996 चा. 2015 मध्ये राज्याने विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला; त्यात आशांनी घरोघर जाऊन विचारपूस करणं आणि 104 क्रमांकावर समुपदेशन अपेक्षित होतं. 10 ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस ही फोनवरून समुपदेशनाची सरकारी सेवा चालू आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा. त्याच्या कलम 115 प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यायचे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारं जुनं कलम राहिलेलं नाही. तरीही पोलीस केस होईल या भीतीने दवाखान्यात नेताना घरचे आजही अडखळतात. ही भीती घालवणं हे या पुस्तकाचं एक कामच आहे.

वऱ्हाडात या विषयावर लिहिताना एका जुन्या वादाला बगल देता येत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1980 पासून सांगितलं की प्रश्न भावाचा आहे. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि वाशीमसह सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यानंतर कर्जमाफ्या आल्या. याच काळात दुसरीकडून शेतकऱ्यांचं मनोबल वाढवण्याची, प्रबोधनाची भाषा सुरू झाली. पहिल्या बाजूला ती भाषा अपमानास्पद वाटली आणि त्यात तथ्य होतं. ज्याचा माल हमीभावाखाली गेला त्याच्या दारात ‘मन खंबीर ठेवा’ असं पत्रक लावणं म्हणजे धोरणाचा दोष त्याच्या स्वभावावर ढकलणं. पण उलट बाजूचंही ऐकावं लागतं. भाव मिळेल तेव्हा मिळेल. आज रात्री अडीचला जागा असलेल्या माणसाचं काय? त्याच्या भावकीत तेवढंच कर्ज असलेला दुसरा माणूस तगतो, कारण त्याच्या घरी तो आकडा सगळ्यांना माहीत असतो. हा फरक धोरणाने पडत नाही, घराने पडतो. आम्ही दोन्ही म्हणणी खरी मानतो आणि एकासाठी दुसरं थांबवू नये असं म्हणतो. भावासाठी मोर्चा काढणाऱ्यांनी मोर्चाला न आलेल्या सोबत्याच्या घरी जावं. समुपदेशन करणाऱ्यांनी पीकविम्याचा अर्ज भरायला मदत करावी.

म्हणून पुस्तकात श्वासाचे व्यायाम आहेत तसा कर्जाचा कागदही आहे. कोऱ्या ताव कागदावर, विश्वासातल्या एका माणसाला शेजारी बसवून, सगळी देणी एकाखाली एक लिहायची: सोसायटी, बँक, बचतगट, सोनाराकडचं गहाण, कृषी केंद्र, मेव्हण्याचे हातउसने, मोबाईलवरच्या ॲपवरून घेतलेले. शेवटचं लिहिताना हात थांबतो, असं अनेकांनी सांगितलं. तो आकडा अनेकदा सगळ्यांत लहान असतो, पण धमक्यांचे फोन त्याचेच येतात आणि घरी तोच ठाऊक नसतो. मग कुठलं देणं थांबू शकतं, कुठल्यासाठी जाऊन बोलता येतं, कुठलं आधी बंद करायचं, हे दोघं मिळून ठरवतात. देणं एका रुपयानेही कमी होत नाही. डोक्यात गरगर फिरणारं कागदावर उतरतं, आणि दोघांना ठाऊक होतं.

आत्ताच हे पुस्तक का, असं विचाराल तर ताणाची दारं वाढली आहेत आणि ऐकणारी माणसं पांगली आहेत. 2018 पासून वाशीम हा देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे, समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, पोरं शिकून पुण्याला जातात. घरोघर दोन म्हातारी माणसं आणि एक मोबाईल उरतो. त्याच मोबाईलवर झटपट कर्ज आहे, रमी आहे आणि शेजाऱ्याच्या पोराच्या यशाचा फोटो आहे. एकेकाळी सोंगणीला माणसं जमायची, दुपारची शिदोरी एकत्र सुटायची. हार्वेस्टर दोन तासांत शेत मोकळं करून जातो. यंत्र वाईट नाही, कंबर वाचते. पण ज्या बसण्या-उठण्यात ताण आपोआप सांगितला जायचा त्या जागा गेल्या, आता त्या मुद्दाम तयार कराव्या लागतील.

पुस्तकातले अनुभव जिल्ह्यातल्या माणसांचे आहेत. नावं, गावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. लिहिणाऱ्यांत शिक्षक, परिचारिका, शेतकरी बाया आणि आशाताई आहेत. त्यांची बोली आम्ही शक्य तितकी राहू दिली. प्रत्येक सूचना सगळ्यांना लागू पडेल असा दावा नाही. ज्याला थायरॉइड, साखर किंवा रक्तदाबाचा त्रास असेल त्याचा थकवा नुसत्या ताणाचा असेलच असं नाही, आधी तपासणी करून घ्यावी.

आणि काही वेळा हे पुस्तक मिटून ठेवायचं आहे. घरातलं कुणी ‘मी नसलो तर बरं’ असं बोललं, हसत बोललं तरी, निरवानिरवीची भाषा करू लागलं, दिवसचे दिवस जेवत-झोपत नसेल, किंवा नसलेले आवाज ऐकू येतात म्हणत असेल, तर वाट बघू नये. त्याला एकटं सोडू नये, मनात मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारावं. विचारल्याने ते विचार येत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. फवारणीची औषधं त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी कुलपात ठेवावीत, आणि टेली-मानसच्या 14416 वर फोन करावा किंवा थेट जिल्हा रुग्णालय गाठावं. तो फोन दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

बाकीच्यांनी कुठूनही वाचायला घ्यावं. घाई असेल त्यांनी झोपेच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, कारण रात्रीचं पाणी आणि जागल यांच्या मधून झोप कशी काढायची हे तिथे इथल्याच शेतकऱ्यांनी सांगितलं आहे. बारावीचं मूल घरात असेल त्यांनी मधला भाग आधी बघावा. कर्जाच्या कागदाचा नमुना पाठीमागे जोडला आहे, तो फाडून घेता येतो. आशाताईंसाठीचं प्रकरण शेवटी असलं तरी ते त्यांच्या घरच्यांनी वाचावं, अशी ते लिहिणाऱ्या आशाताईंची विनंती आहे.